गप्प बसणारा मारणाऱ्यांत मोजावा का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

वाचक पंचेचाळिशीतले आहेत. घरात पत्नी, सतरा वर्षांची मुलगी आणि सैन्यातून निवृत्त झालेले वडील. दूरच्या एका देशात युद्ध चालू आहे आणि मुलगी त्याच्या बातम्या रोज पाहते. काही दिवसांपूर्वी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बाँबहल्ल्यात कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यातून एका लहान मुलाचं प्रेत ओढून काढत होते. त्याखाली एका ज्येष्ठ काकांनी लिहिलं, ‘बरं झालं. सापाची पिल्लं ती, मोठी होऊन चावलीच असती.’ पाठोपाठ पाच-सहा जणांचे अंगठे आले. वाचक काहीच बोलले नाहीत. मुलीने ते वाचलं आणि विचारलं, ‘बाबा, तू गप्प का? गप्प बसणारेही मारणाऱ्यांतच असतात.’ आजोबा शेजारीच बसले होते. ती त्यांच्याकडे वळली : ‘आणि आजोबा, तुम्ही तर युद्धावर होतात. तुम्ही तरी कधी काही सांगितलंत?’ आजोबा उठून आत गेले. तेव्हापासून आजोबा आणि नात एकमेकांशी बोलत नाहीत. वाचक विचारतात : माझं गप्प राहणं खरंच त्या हत्यांना हातभार लावतं का? वडिलांना बोलतं करावं का? आणि मुलीला काय उत्तर देऊ?

नमस्कार.

मुलीचं वाक्य आधी घेते, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे. तिने ते मनापासून उच्चारलं आहे, आणि दूरच्या, अनोळखी मुलासाठी तिचा जीव तुटतो याचं मला फार मोल वाटतं. तरीही ते वाक्य जसंच्या तसं खरं नाही. तुम्ही मात्र ते जसंच्या तसं अंगावर ओढून घेतलं आहे.

ज्याने बाँब टाकला, ज्याने टाकायला सांगितला, तिथे माणसं राहतात हे ठाऊक असून ज्याने नकाशावर खूण केली, त्यांचा अपराध त्यांचा आहे. त्यांच्या रांगेत तुम्हाला, मला आणि बातम्या पाहून सुस्कारा टाकणाऱ्या सगळ्या जगाला उभं केलं, तर रांग इतकी लांबते की तिच्यात खरा अपराधी सापडेनासा होतो. सगळेच दोषी ठरले की सगळ्यात निर्धास्त कोण होतं? ज्याच्या हातून ते घडलं तोच.

या प्रश्नाची फोड माझ्या मते सगळ्यात नीट केली ती जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी. पत्नी ज्यू असल्यामुळे नाझींनी १९३७ मध्ये त्यांना प्राध्यापकपदावरून काढलं होतं. युद्ध संपल्यावर, १९४५-४६ च्या हिवाळ्यात, हायडेलबर्ग विद्यापीठात ते पुन्हा शिकवायला उभे राहिले आणि हरलेल्या देशातल्या विद्यार्थ्यांपुढे त्यांनी दोषाचे चार प्रकार वेगळे करून मांडले. कायदा मोडणाऱ्याचा दोष न्यायालय ठरवतं. राज्याने केलेल्या कृत्यांचे परिणाम त्या राज्याच्या प्रत्येक नागरिकाला सोसावे लागतात, तो स्वतः सज्जन असला तरी. आपण काय केलं आणि काय करायचं टाळलं, याचा जाब स्वतःच्या मनाला आणि जिवलगांना द्यावा लागतो. आणि शेवटचा सगळ्यात अवघड : माणसं मारली जात असताना आपण मात्र जिवंत राहिलो, एवढ्यानेही जी बोच लागते ती. तुमच्या मुलीला टोचते आहे ती ही शेवटची बोच. तिने तिला पहिल्या प्रकारचं नाव दिलं, एवढंच. तुम्हाला स्वतःला विचारायचा आहे तो तिसऱ्या प्रकारचा प्रश्न, आणि तो न्यायालयातल्या आरोपापेक्षा सोपा आहे असं मी म्हणणार नाही.

कारण युद्धातल्या हत्यांना लोकांचं गप्प राहणं लागतं, भरपूर लागतं. ते लागतं कुठे ते बघा.

१६ मार्च १९६८ रोजी व्हिएतनाममधल्या माय लाय इथे अमेरिकन सैनिकांनी शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांना मारलं. त्यांत बायका होत्या, म्हातारी माणसं होती, तान्ही मुलं होती. अमेरिकेच्या मोजणीत मृतांचा आकडा ३४७, व्हिएतनामच्या मोजणीत ५०४. सैन्याने जाहीर केलं ते मात्र शत्रूचे १२८ जण मारल्याचं. त्या सकाळी ह्यू थॉम्प्सन नावाचा वैमानिक वरून हेलिकॉप्टर उडवत होता. जीव घेऊन पळणारे गावकरी आणि त्यांच्यामागे येणारे आपल्याच सैन्याचे जवान यांच्या मधोमध त्याने हेलिकॉप्टर उतरवलं आणि साथीदारांना सांगितलं की, या लोकांवर आपल्या जवानांनी गोळी झाडली तर तुम्ही जवानांवर झाडा. मग त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली आणि गोळीबार थांबवण्याचा हुकूम गेला. तरीही प्रकरण वर्षाहून जास्त काळ दाबलेलं राहिलं. ज्यांनी पाहिलं होतं ते गप्प होते, ज्यांच्या टेबलावर अहवाल आले होते तेही गप्प होते. ते उघड व्हायला कारण झाला रॉन रायडनहावर हा तरुण माजी सैनिक. तो त्या दिवशी तिथे नव्हताच. सोबत्यांकडून जे ऐकलं ते त्याने मार्च १९६९ मध्ये पत्रात लिहिलं आणि लोकप्रतिनिधींना, अधिकाऱ्यांना पाठवलं. नोव्हेंबरमध्ये ते वर्तमानपत्रांत आलं.

त्या दीड-पावणेदोन वर्षांत जगातली कोट्यवधी माणसं माय लायबद्दल बोलत नव्हती. त्यांचं न बोलणं आणि अहवाल वाचून फाइल मिटणाऱ्या अधिकाऱ्याचं न बोलणं एका मापाने मोजता येत नाही. हत्या झाकली गेली ती जवळच्यांच्या गप्प राहण्याने.

म्हणून एखाद्याच्या गप्प बसण्याकडे बघताना मी आधी विचारते, त्याला काय माहीत होतं? मग, तो बोलला असता तर ते कुणाच्या कानी पडलं असतं? आणि बोलण्याची किंमत कुणी मोजली असती : त्याने स्वतः, की दुसऱ्याच कुणी?

पहिल्या दोन प्रश्नांवर युद्धाचा कायदाही उभा आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्याने उभं केलं त्या, २००२ पासून अमलात आलेल्या रोम करारानुसार, हाताखालचे जवान अत्याचार करताहेत हे माहीत असून, किंवा माहीत असायला हवं असताना, ज्या सेनाधिकाऱ्याने त्यांना रोखलं नाही आणि चौकशीसाठी प्रकरण पुढेही पाठवलं नाही, तो स्वतः दोषी ठरू शकतो. सामान्य माणसाला शांत बसल्याबद्दल असा कायदा पकडत नाही. रवांडाचं उदाहरण घ्या. ११ जानेवारी १९९४ ला तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख रोमिओ दालेर यांनी न्यूयॉर्कला तार पाठवली : शस्त्रं साठवली जाताहेत, तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजाच्या लोकांच्या याद्या होताहेत, साठ्यांवर छापा घालायचा आहे. उत्तर आलं की घालू नका. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने फौज वाढवायची सोडून ती सुमारे २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत काही लाख माणसं मारली गेली. त्या परिषदेतल्या प्रतिनिधींना माहिती होती आणि त्यांच्या शब्दाने फौजा हलत होत्या. तिथलं मौन मी माफ करू शकत नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यात कठीण, आणि घोषणा देणारे नेमका तोच वगळतात. ३ ऑगस्ट १९४१ ला जर्मनीतल्या म्युन्स्टरचे बिशप गालेन यांनी प्रवचनातून सरळ सांगितलं की मतिमंद आणि मनोरुग्ण माणसांना सरकार ठार मारतं आहे. तोवर सत्तर हजारांवर बळी गेले होते. त्याच महिन्यात हिटलरने ती मोहीम अधिकृतपणे थांबवली. चोरून ती पुढेही चालूच राहिली, तरी एका माणसाच्या उघड बोलण्याने त्या राजवटीलाही पाऊल मागे घ्यावं लागलं, असं म्हणायला जागा आहे. आता पुढचं वर्ष बघा. जुलै १९४२ मध्ये नेदरलँड्समधल्या कॅथलिक बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध चर्चमधून वाचून दाखवला. सूड म्हणून नाझींनी ज्यू वंशाच्या कॅथलिकांना पकडून नेलं. ईडिथ स्टाइन या विदुषी त्यांतल्याच. ९ ऑगस्टला आउश्वित्झमध्ये त्यांना मारण्यात आलं. बिशप चुकले का? मला तसं वाटत नाही. पण बोलणं नेहमी जीव वाचवतं असं यापुढे कुणी ठामपणे सांगू लागलं, तर त्याला ही तारीख दाखवावी लागेल.

आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस हा प्रश्न कायम उशाशी घेऊन जगते. तिचे प्रतिनिधी तुरुंगांत, युद्धकैद्यांच्या छावण्यांत जाऊ शकतात ते एका अटीवर : आत पाहिलेलं जगजाहीर करायचं नाही, त्या त्या सरकारशी बंद दाराआड बोलायचं. या गुप्ततेमुळे कितीतरी कैद्यांपर्यंत औषध आणि घरचं पत्र पोचलं. आणि याच वळणाने १४ ऑक्टोबर १९४२ च्या बैठकीत, ज्यूंच्या संहाराची माहिती हाती असताना, जाहीर आवाहन न काढण्याचं ठरलं. पुढे संस्थेने स्वतःच ते आपलं अपयश मानलं. नायजेरियातल्या बियाफ्राच्या यादवीत रेड क्रॉसतर्फे काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना ही गप्प राहण्याची अट सोसवेना. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या मेदसां सां फ्राँतिएर या संस्थेच्या संस्थापकांत ते होते. उपचार करायचे आणि पाहिलेलं सांगायचंही, ही त्यांची भूमिका. त्यापायी कधी कधी देशाबाहेर काढलं जातं आणि तिथले रुग्ण मागे राहतात. या दोन्ही संस्था आज युद्धभूमीवर काम करतात, आणि दोन्ही असाव्यात असंच मला वाटतं. सतराव्या वर्षी हे पचायला जड जाईल, तरी मुलीला ही गोष्ट सांगा. बोलायचं की नाही हा प्रश्न जखमी माणसाच्या खाटेशी उभ्या असलेल्या शहाण्या, धीट माणसांनाही वेगवेगळी उत्तरं देतो.

शिवाय मौन म्हणजे भूमिका नसणं, हेही तितकंसं खरं नाही. १९८८ मध्ये जेरुसलेममध्ये काही स्त्रिया, पॅलेस्टिनी भागांवरच्या इस्रायलच्या ताब्याविरुद्ध, काळे कपडे घालून भर चौकात उभ्या राहू लागल्या. १९९१ पासून बेलग्रेडमध्ये, आपल्याच सरकारच्या युद्धाविरुद्ध, तशाच स्त्रिया तोंडातून शब्द न काढता उभ्या राहिल्या. येणारे-जाणारे शिव्या देत, त्या उभ्याच. ते मौन सगळ्यांना ऐकू जात होतं.

आता तुमच्या ग्रुपकडे येते, कारण इथे मला तुमची बाजू घेता येत नाही.

दूरच्या युद्धाबाबत तुम्ही स्वतःला जो दोष देता तो मी बराच हलका केला. ग्रुपवरच्या तुमच्या गप्प बसण्याला मात्र तेच प्रश्न विचारा. तुम्हाला माहीत होतं? हो, तुम्ही वाचलं होतं. तुमचा आवाज पोचला असता? नक्कीच, ते काका तुम्हाला ओळखतात, बाकीचे अंगठेवालेही ओळखतात. किंमत कुणी मोजली असती? फक्त तुम्ही, आणि तीही थोडा दुरावा, चार टोमणे, फार तर पुढच्या कार्यात जरा अवघडलेपण एवढीच. जगातल्या कुठल्याही सेनापतीपर्यंत तुमचा शब्द पोचणार नाही. त्या ग्रुपमध्ये मात्र कुणा पत्रकारापेक्षा, कुणा बिशपपेक्षा तुमच्याच शब्दाला वजन आहे.

आणि जे लिहिलं गेलं ते किरकोळ नव्हतं. रवांडात आरटीएलएम नावाचं रेडिओ केंद्र होतं. तुत्सींना ‘झुरळं’ म्हणण्याची सवय ते लोकांना गाणी-गप्पांच्या ओघात लावत होतं. कत्तल सुरू झाल्यावर त्याच केंद्रावरून माणसांची नावं, ठिकाणं सांगितली गेली. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याच्या दोन संस्थापकांना दोषी ठरवलं. तुमचे काका असलं काही करतील असं मला मुळीच म्हणायचं नाही. बहुधा ते मायाळू गृहस्थ असतील, लहानपणी त्यांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं असेल. पण झुरळ काय, सापाचं पिल्लू काय, मरणारं मूल माणसाचं नाही असं एकदा ठरलं की पुढचं सगळं सोपं होतं. तुमची मुलगी जे म्हणाली त्यातला खरा भाग हा आहे, आणि तो तिने बरोबर ओळखला.

आणखी एका गोष्टीकडे तुमचं लक्ष गेलं नसावं. अंगठे पाच-सहा आले. ग्रुपमध्ये माणसं किती? बाकीच्यांतल्या अनेकांना ते वाचून कसंसंच झालं असेल, आणि तुम्ही बोलला नाहीत हे पाहून त्यांनी मनाशी म्हटलं असेल की इथे सगळ्यांना हे पटतंय. तुम्हीही त्यांच्याबद्दल नेमकं तेच म्हटलंत. अशी एकमेकांकडे पाहून गप्प बसलेली घरं, कचेऱ्या, वर्ग मी या सदरात येणाऱ्या पत्रांतून सतत पाहते. पहिला माणूस बोलतो तेव्हा बहुतेक वेळा दुसऱ्याला हायसं वाटतं.

मग काय करायचं? सगळ्यांसमोर काकांना सुनावू नका. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत अडवलं की तो मुद्दा सोडून मान सांभाळतो. आधी त्यांना फोन करा. साधं बोला : ‘काका, त्या व्हिडिओखाली तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला झोप लागली नाही. ते चार-पाच वर्षांचं मूल होतं. युद्ध कुणाचं बरोबर यावर आपण हवं तर भांडू, पण मुलाच्या मरणावर बरं झालं म्हणू नये असं मला वाटतं.’ ते इतिहास काढतील, समोरच्यांनी काय काय केलं ते सांगतील. ऐकून घ्या. त्यांतलं काही खरंही असेल. खरं असेल ते खरं म्हणा आणि पुन्हा त्या मुलावर या. त्यानंतर ग्रुपवर, कुणाचं नाव न घेता, दोन ओळी लिहा. इथे एक सावधगिरी : ‘युद्ध वाईटच, दोन्हीकडे माणसंच मरतात, सर्वांना सद्बुद्धी लाभो’ असलं काही लिहू नका. ते ‘नरो वा कुंजरो वा’ झालं. बोलल्याचं समाधान मिळतं आणि ऐकायचं त्याला काहीच ऐकू जात नाही. ‘लहान मुलांच्या मरणावर आनंद व्यक्त करणारे संदेश इथे येऊ नयेत, मला ते सहन होत नाही,’ इतकं स्पष्ट असू द्या. वाद सुरू झाला तर प्रत्येक उत्तराला उत्तर देत बसायची गरज नाही.

हेच दुसऱ्या टोकालाही लागू आहे, आणि हे मी मुलीच्या वयाच्या वाचकांसाठी लिहिते. युद्धाचे फोटो पुढे पाठवणं म्हणजे बोलणं नव्हे. जुन्या युद्धाचा, भलत्याच देशाचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो आणि तो खोटा निघाला की खऱ्या बळींवरही लोक विश्वास ठेवत नाहीत. ढिगाऱ्यातल्या त्या मुलाचा चेहरा जगभर फिरवायला त्याच्या आईची परवानगी कुणी घेतली होती? बातमी कुणी दिली, कधीची आहे हे पाहा. पटली तर चेहरा न दाखवता सांगा. स्वतःच्या सरकारची त्या युद्धात काही भूमिका असेल, शस्त्रांची खरेदी-विक्री असेल, तर आपल्या लोकप्रतिनिधीला नावानिशी पत्र लिहा. तिथे मतदाराचा आवाज पोचतो. जखमींवर उपचार करणाऱ्या विश्वासू संस्थेला जमेल तेवढे पैसे द्या. आणि रोज रात्री तासन्‌तास ती दृश्यं पाहत बसणं हे कुणावर उपकार नाहीत. मुलीची झोप आणि जेवण यांवर तुमचं लक्ष असू द्या.

वडिलांचं मौन मात्र वेगळं आहे. मुलीने तुम्हा दोघांना एकाच वाक्यात घेतलं, आणि पत्रात तुम्हीही तसंच केलं आहे. तुम्ही न बोललेली गोष्ट आजची आहे आणि बोलणं तुमच्या हातात आहे. त्यांची गोष्ट काय आहे हे तुम्हाला ठाऊकच नाही.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर अनेक वर्षं उपचार केलेले मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात एका जखमेकडे लक्ष वेधलं. ती भीतीतून होत नाही. जे योग्य आहे असं माणूस आयुष्यभर मानत आला हुकूम देणाऱ्या वरिष्ठांकडून त्याचाच विश्वासघात होतो, तेव्हा ती होते. पुढे इतर अभ्यासकांनी त्यात स्वतःच्या हातून घडलेलं आणि थांबवता न आलेलंही धरलं. अशी माणसं अनेकदा बोलत नाहीत. काहींना शब्द सापडत नाहीत. काहींना वाटतं, ऐकल्यावर घरचे आपल्याकडे पूर्वीसारखं बघणार नाहीत. काही जण मेलेल्या सोबत्यांबद्दल चहा पिता पिता बोलणं हा त्यांचा अपमान समजतात. आणि काहींना खरोखरच सांगण्यासारखं काही नसतं, ते मागच्या फळीत सामान पोचवत असतात, आणि लोक भलतंच विचारतात म्हणून विषय टाळतात. यांपैकी तुमचे वडील कोणते, हे मी सांगू शकत नाही. ते उठून गेले एवढ्यावरून त्यांच्या मनात अपराध आहे असं धरून चालू नका. तुमच्या पत्रात तशी शंका डोकावते, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

त्यांना बोलतं करू नका. दार उघडं ठेवा. ‘किती मारले’, ‘भीती वाटली का’ असले प्रश्न घरातल्या कुणीही विचारू नयेत. माणसांबद्दल विचारा : तिथे तुमचा जवळचा दोस्त कोण होता, घरून पत्र यायला किती दिवस लागत, परत आलात तेव्हा सगळ्यात आधी काय केलंत. ते उत्तर देतील किंवा देणार नाहीत. दिलं तर मधे सल्ला देऊ नका, फोन काढून ते टिपू नका. ते रात्री दचकून उठत असतील, दारू वाढली असेल, ‘आता पुरे झालं जगणं’ असं बोलत असतील, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. उतारवयातही उपचारांचा उपयोग होतो.

पण त्यांच्या मौनाच्या हक्कालाही मी एक सीमा मानते, आणि ती इथे सांगितली नाही तर हे उत्तर अप्रामाणिक होईल. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. काही आठवड्यांनी मारेकऱ्यांनी यंत्रं आणून ती सामूहिक थडगी उकरली आणि प्रेतं दूर दूर नेऊन पुन्हा पुरली. एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली. आयांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, एखादं हाड जुळलं की दफन केलं, दुसरं सापडलं की थडगं पुन्हा उघडलं. ती यंत्रं कुणीतरी चालवली, ते ट्रक कुणीतरी हाकले, आणि त्या माणसांना जागा ठाऊक होत्या. अशा माणसाचं गप्प राहणं ही त्याची खासगी बाब उरत नाही, कारण कुणाचा तरी शोध त्याच्या तोंडाशी अडलेला असतो. तुमच्या वडिलांबद्दल असं मानायला पत्रात काहीही आधार नाही. उद्या त्यांनी स्वतःहून असं काही सांगितलंच, की ज्याची वाट कुणी पाहत आहे, तर त्यांच्यासोबत बसून, एखाद्या जाणत्या वकिलाला विचारून, ते योग्य जागी कसं पोचेल ते बघा. ते एकट्याने वाहायला त्यांनाही सोडू नका आणि स्वतःही वाहू नका.

जाता जाता एक : पत्नीचा उल्लेख तुमच्या पत्रात एका शब्दापुरता आहे. त्या संध्याकाळी त्या कुठे होत्या? ग्रुपवर त्याही असतील. सासऱ्यांना त्यांनी इतकी वर्षं रोज पाहिलं आहे, मुलीचं मनही त्यांना कळत असणार. मला लिहिण्याआधी त्यांना विचारलं होतंत का?

आता मुलगी. तिच्यापुढे स्वतःचं समर्थन मांडू नका. खरं सांगा : काका दुखावतील म्हणून मी गप्प बसलो, दूरच्या त्या मुलाबद्दल मला काही वाटलं नाही म्हणून नव्हे. ती चिडेल, तिला चिडू द्या. मग तिच्या वाक्याबद्दल बोला, यास्पर्स सांगा, थॉम्प्सन सांगा, नेदरलँड्सचे बिशप सांगा. तिचं म्हणणं खोडून काढण्यासाठी नको. गप्प बसणाऱ्यांना जाब विचारायचा तर आधी तो माणूस कुठे उभा होता हे पाहावं लागतं, एवढं तिला दिसलं तरी खूप झालं.

आजोबांशी समेट घडवायला तुम्ही मध्यस्थ होऊ नका. तिने त्यांना जे विचारलं तो प्रश्न नव्हता, आरोप होता, आणि ते त्यांना कळलं. तिने स्वतः जाऊन म्हणावं, ‘आजोबा, मी तसं बोलायला नको होतं. तुम्हाला काही सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन, नाही वाटलं तरी चालेल.’ आणि खरोखर चालायला हवं. त्यांनी काहीच सांगितलं नाही तरी तिने पूर्वीसारखं त्यांच्याशेजारी बसावं, वर्तमानपत्र वाचून दाखवत असेल तर दाखवावं.

क्रम तेवढा सांभाळा. काकांना फोन आधी, ग्रुपवरच्या दोन ओळी त्यानंतर, आणि मुलीशी बोलणं सगळ्यात शेवटी, म्हणजे तिच्याशी बोलताना तुमच्याकडे केलेली गोष्ट असेल. बरेच दिवस उलटले, आता कशाला, असं वाटेल. तरी फोन करा. काका तो व्हिडिओ विसरले असतील तर त्यांना आठवण करून द्या.